चुन्याखालचे हात

आमिहान सुटला होता. ईशान्येकडून येणारा तो शीतल, निरभ्र, खारट वारा. नारळीच्या झावळ्यांतून सळसळत, वाळत घातलेल्या मासळीवरून सरकत, तो रोजच्यासारखा बालोदानच्या चर्चच्या भिंतीपाशी येऊन थबकला. समुद्र निळा होता, आकाश त्याहून निळे होते, आणि त्या दोन निळाईंच्या मधोमध ती भिंत उभी होती. करडी, काळवंडलेली, जागोजागी झडलेली. एके काळी ती शुभ्र होती. इतकी शुभ्र, की खोल समुद्रातून परतणाऱ्या कोळ्यांना किनाऱ्याआधी ती दिसायची.

बालोदान हे फिलिपाईन्सच्या बेटांतले एक लहानसे किनारी गाव. प्रवाळातून उगवलेले, लाटांनी वाढवलेले, घंटेने जागवलेले. स्पेनची जहाजे आली, जहाजांतून धर्मगुरू आले, आणि ओहोटीच्या पाण्यात गुडघाभर उभे राहून गावकऱ्यांनी प्रवाळाच्या शिळा कापल्या. त्या शिळांचे चर्च झाले. लुटारूंची गलबते क्षितिजावर दिसली की घंटा घणघणायची, आणि बायकामुले आत धावायची. त्या जाड भिंतींनी गावाला कितीदा पोटाशी धरले असेल, कोण जाणे. लुटारू गेले, स्पॅनिश गेले, अमेरिकन आले नि गेले, जपानी आले नि गेले. भिंत राहिली.

आणि भिंत राहिली ती चुन्यामुळे.

दरवर्षी फिएस्ताच्या आधी, म्हणजे गावच्या संताच्या उत्सवाआधी, गाव शिंपले भाजायचे. भाजलेल्या शिंपल्यांचा चुना रांजणांत मुरायचा, त्यात उसाची काकवी पडायची, आणि सारे गाव भिंत लिंपायला लोटायचे. ज्या घराच्या वाट्याला भिंतीचा जो तुकडा आला, तो त्या घराचा. आजोबांनी लिंपला तोच तुकडा नातीने लिंपायचा. त्या वर्षी घरात मूल जन्मले असेल तर ओल्या चुन्यावर त्याचा उजवा हात टेकवायचा. चुना कातडीला झोंबतो, म्हणून आई आधी त्या इवल्या तळहाताला खोबरेल तेल चोळायची. मग एक ठसा. पाच बोटे, एक तळवा, एक हलकीशी किंकाळी आणि सगळ्यांचे हसू.

पुढच्या वर्षीच्या चुन्याखाली तो ठसा झाकला जायचा. त्यावर पुन्हा चुना, त्यावर पुन्हा हात. चुन्याखाली चुना, हाताखाली हात, आणि सर्वांखाली तो मूक, सच्छिद्र, समुद्रजात दगड. झाकलेला हात कुणाला दिसत नसे. पण कुणाचा हात कुठे आहे, हे घरातल्यांना ठाऊक असायचे, आणि तेवढ्याने भागायचे.

ही सारी गतकाळाची गोष्ट. आता भिंतीवर चुना नाही, आणि चुना नाही म्हणून हातही नाहीत. दगडावर हात कितीही टेकवला तरी ठसा उमटत नाही.

त्या सकाळी चर्चच्या बाजूच्या दाराशी एक वृद्धा लाकडी बाकड्यावर बसली होती. पाठीत वाकलेली, केस पिंजलेल्या कापसासारखे, मांडीवर थापी. इलुमिनादा तिचे नाव. गावाच्या शाळेत तिने जन्मभर इतिहास शिकवला, आणि गाव तिला अजूनही माएस्त्रा, म्हणजे बाई, याच नावाने हाक मारायचे. पायाशी चुन्याची बादली होती. महिनोन्‌महिने तिने हा चुना आपल्या परसात स्वतः भाजला, स्वतः मुरवला. शेजारणींना वाटले, म्हातारीला चळ लागला.

दाराच्या डावीकडे, भिंतीचा एवढासा तुकडा तिने पहाटेच्या उजेडात लिंपून ठेवला होता. ओला, धवल, लखलखता. बाकीची भिंत त्याच्याभोवती आजाऱ्यासारखी दिसत होती.

ती वाट पाहत होती आपल्या धाकट्या बहिणीची. एंग्रासिया उद्याच्या बोटीने जाणार होती. आधी शहरात, मग विमानाने कॅनडात, मुलीकडे, कायमची. आणि त्याआधी एकदा, एकदाच, तिने या दाराशी यावे, एवढेच इलुमिनादाला हवे होते. काल रात्री जेवणानंतर तिने तसे म्हटलेही होते. एंग्रासिया बॅगेत कपडे भरत राहिली.

कारण एंग्रासिया या दाराशी येत नसे. चर्चमध्ये ती रोज यायची, पण पुढच्या दाराने. बाजूचे दार तिने तरुणपणीच सोडले होते.

त्याचे असे झाले.

एंग्रासियाला पहिला मुलगा झाला, क्रिसांतो. माघारी राहिले ते त्याचे नाव, आणि भिंतीवरचा हात. रांगायच्या आतच तापाने गेला. त्या काळी गावात कुणाकडे कॅमेरा होता? फोटो नाही, बूट नाहीत, बोबडा शब्द नाही. होता तो एक ठसा, या दाराच्या डावीकडे, कमरेच्या उंचीवर. मूल उचलून भिंतीशी धरले होते ते इलुमिनादानेच, कारण धर्ममाता तीच होती. दुसऱ्या वर्षी त्यावर चुना बसला, तिसऱ्या वर्षी आणखी. एंग्रासिया दर रविवारी आत जाताना तिथे हात टेकायची. थांबायची नाही, रडायची नाही. जाता जाता झोपलेल्या लेकरावरून हात फिरवावा, तसा फिरवून पुढे व्हायची.

आणि मग गावाला शतकांचा सोहळा आला. चर्चला किती शतके झाली, राजधानीतून पाहुणे येणार, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येणार. इलुमिनादा तेव्हा ऐन उमेदीत होती. वाणी ओघवती, डोळ्यांत तेज, मनात गावाच्या प्राचीनतेचा केवढा अभिमान! सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, की आपला इतिहास या पांढऱ्या चुन्याखाली गुदमरतो आहे. हा चुना म्हणजे काय, नुसती दरसालची रंगरंगोटी. खरा इतिहास आहे तो खालचा दगड. तो जगाला दिसू द्या.

गावाने टाळ्या वाजवल्या. शिकलेल्या बाईचे बोलणे, कोण मोडणार?

छिन्न्या आल्या, हातोडे आले. शाळेची मुले ओळीने उभी राहिली आणि भिंत खरवडली गेली. शुभ्र पापुद्रे ढासळले, थरामागून थर, पिढीमागून पिढी. चुन्याचे ढेकूळ न्‌ ढेकूळ टोपल्यांतून धक्क्याच्या रस्त्यावर गेले आणि खड्ड्यांत दडपले. त्यावरून पाहुण्यांच्या गाड्या आल्या. छायाचित्रे सुरेख आली. उघडा, सुवर्णधूसर, पुरातन दगड. त्याच्यापुढे हसरी इलुमिनादा.

एंग्रासिया तेव्हा नवऱ्याबरोबर शेजारच्या बेटावर सुकी मासळी विकायला गेली होती. परतली ती रविवारी. बाजूच्या दाराशी आली, सवयीने हात पुढे केला, आणि हात खडबडीत दगडाला लागला.

"मानांग," ती म्हणाली, आणि मानांग म्हणजे ताई, "इथे चुना होता ना?"

बस्स, एवढेच. ना आक्रोश, ना शिवी. त्यानंतर दोघी एकाच घरात राहिल्या, एका ताटातली मासळी वाटून खाल्ली, एकमेकींच्या आजारपणात उशाशी बसल्या, आणि त्या भिंतीबद्दल एक अक्षरही बोलल्या नाहीत.

दगड मात्र बोलू लागला. पांघरूण गेलेल्या त्या समुद्रपुत्राला समुद्रानेच खाल्ले. खारा वारा छिद्रांत शिरला, दगड भुगा होऊन झडू लागला. मग कुणी सिमेंट थापले. सिमेंटने खार आतच कोंडला, आणि भिंत आतून कुजली. गेल्या वादळात बाजूच्या दाराजवळचे सिमेंट एका रात्रीत गळून पडले. तेव्हा कुठे गावाने ठरवले, की पुन्हा चुना लावावा. उशिरा सुचलेले शहाणपण; पण सुचले.

इलुमिनादाला कळले होते त्याआधीच. फार आधी. चुना हाच इतिहास होता, आणि दगड नुसता त्याला धरून होता, हे तिला कळले होते, आणि ते सांगायला एकच माणूस होते, आणि त्याच माणसापाशी तिला ते सांगवत नव्हते. असे कळणे माणसाला आतून पोखरते.

उन्हे वर आली. गवंडी तेओदोरो, तिचाच एके काळचा विद्यार्थी, परातीत वाळू घेऊन आला आणि बादलीत डोकावला.

"माएस्त्रा, इतका चुना एवढ्याशा तुकड्याला? का उरलेल्याचं पान जमवणार आहात?"

"तू तुझी भिंत लिंप," ती म्हणाली. "या तुकड्याला हात लावायचा नाही."

"सुकत चाललाय हो. अजून थोड्या वेळानं ठसा-बिसा काही उठायचा नाही त्यावर."

तो बोलून गेला आणि मागच्या भिंतीवर कामाला लागला. इलुमिनादाने ओंजळभर पाणी घेऊन भिंतीवर शिंपडले. वारा ते पाणी पुसून नेत होता. तिने पुन्हा शिंपडले. वारा पुन्हा पुसून गेला. आमिहानला कुणाच्या वाट पाहण्याशी काय देणेघेणे?

आणि मग चौकाच्या टोकाला, बदामाच्या झाडाखालच्या तांबूस पानगळीतून, एंग्रासिया येताना दिसली. सावकाश, काठी टेकत, खांद्याला कापडी पिशवी. पुढच्या दारापाशी ती क्षणभर थांबली. इलुमिनादाने मान खाली घातली. काठीचा आवाज पुढे सरकला, वळला, जवळ आला.

एंग्रासिया भिंतीसमोर उभी राहिली. त्या शुभ्र, ओल्या, रित्या तुकड्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"उंची बरोबर आहे," ती म्हणाली.

"तू हात ठेव, इंदाय." धाकट्या बहिणीला ती लहानपणापासून अशीच हाक मारायची. "जायच्या आधी तुझा हात राहू दे इथे."

"माझा कशाला? माझा तर दर रविवारी इथेच असायचा. गेला तो त्याचा."

इलुमिनादाने थापी खाली ठेवली. इतक्या वर्षांचे साचलेले, मुरलेले, झोंबणारे ते एक वाक्य अखेर तिच्या ओठांतून बाहेर पडले.

"मला तेव्हा आठवलंच नाही गं. मीच त्याला उचलून धरलं होतं, आणि मलाच आठवलं नाही."

"ठाऊक आहे मला." एंग्रासियाचा आवाज शांत होता. "तेच तर लागलं. मुद्दाम केलं असतंस तर भांडून मोकळी झाले असते. विसरलेल्या माणसाशी काय भांडायचं?"

समुद्र गाजत होता. तेओदोरोची थापी पलीकडे भिंतीवर फिरत होती, सर्रर्र, सर्रर्र.

मग एंग्रासिया बाकड्यावर टेकली. पिशवीतून तिने एक लहान बाटली काढली. खोबरेल तेलाची. ती काही प्रवासासाठी घेतलेली नव्हती. घरून निघतानाच तिने ती पिशवीत टाकली होती.

"हात दे तुझा."

"माझा?"

"दे, म्हणते ना. सुकतोय तो."

इलुमिनादाने उजवा हात पुढे केला. शिरा तटतटलेल्या, बोटे वाकलेली, खडूने आयुष्यभर पांढरा राहिलेला हात. एंग्रासियाने तो आपल्या मांडीवर घेतला आणि तेल चोळू लागली. तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, प्रत्येक बोटाच्या बेचक्यात. घाई न करता, एकही जागा न सोडता, जसे तिने एकदा एका इवल्या हाताला चोळले होते.

"चुना झोंबतो, मानांग," ती म्हणाली.

इलुमिनादा रडली. शाळेत, सभेत, सोहळ्यात ताठ उभी राहिलेली ती बाई बाकड्यावर बसून लहान पोरीसारखी रडली, आणि एंग्रासियाने तिला रडू दिले. मग तिने थोरल्या बहिणीला उठवले, मनगट धरले आणि तिचा हात ओल्या चुन्यावर टेकवला. वरून आपला तळवा दाबून धरला. चुन्याचा गारवा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेला.

हात निघाले. ठसा उमटला होता. वाकडी बोटे, रुंद तळवा, जुन्या रेघांचे जाळे.

एंग्रासिया वाकून पाहत राहिली.

"मोठा आहे," ती म्हणाली.

एंग्रासियाने बाटलीचे बूच लावले, काठी घेतली, आणि जुन्या सवयीने बाजूच्या दारातून आत गेली.

दुसऱ्या दिवशी बोट सुटली. धक्का मागे पडला, आणि धक्क्याचा तो रस्ता, ज्याच्या पोटात गावातल्या सगळ्या लेकरांचे हात निजले आहेत, तोही मागे पडला. एंग्रासिया कठड्याला धरून उभी होती. घरे मिटली, माणसे मिटली, नारळीही मिटल्या. उरली ती करडी भिंत, आणि भिंतीवर तो एवढासा शुभ्र तुकडा, उन्हात चमकणारा, लाटांमागे जाणारा, पुन्हा वर येणारा. त्यातला हात इतक्या लांबून दिसत नव्हता. पण तो कुठे आहे हे तिला ठाऊक होते. आणि तो क्रिसांतोचा नाही, हेही.