धोट्याची मूठ

परळच्या चाळीचा जिना भिवा जवळजवळ पळतच उतरला. हातातल्या फडक्यात सलूनवाल्या रमाकांतचा वस्तरा होता, आज्याच्या वेळचा, विलायती पोलादाचा. त्याच्या शिंगाच्या मुठीची किड्यांनी चाळण केली होती, म्हणून तो नवी मूठ बसवायला भिवाकडे आला होता. आणि भिवाने मूठ बसवली होती ती अशी, की त्याला स्वतःचाच हेवा वाटत होता.

गिरणीतली पाळी संपली की वस्तरे दुरुस्त करायचे, हा त्याचा बापापासूनचा जोडधंदा. बाप म्हशीच्या शिंगाच्या मुठी घडवायचा. पण गेल्या वर्षी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरात ठरलं, मेल्या जनावराच्या शिंगाला हात लावायचा नाही. चंपाने, त्याच्या बायकोने, शिंगांचा डबा त्याच आठवड्यात शिवडीच्या खाडीत रिकामा केला. भिवाला ते मनापासून पटलं होतं. पण मग मूठ करायची कशाची? लाकूड पाण्याने फुगतं, पातं त्याला घासतं आणि धार जाते. सलूनवाले लाकूड बघूनच नाक मुरडत. हा वस्तरा फसला तर भिवाला हत्यारं कायमची गुंडाळून ठेवावी लागणार होती.

वाट दाखवली दौलतने. दौलत गिरणीत मागावर होता. त्याने टोक तुटलेला एक धोटा आणून दिला. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा हा धोटा, लाकूड लोखंडासारखं टणक, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं. या मागांवर भिवाच्या जातीच्या माणसांना कधी घेतलं नाही. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागे, आणि यांच्या तोंडचा धोटा बाकीच्यांना चालत नसे. यांनी कातलेलं सूत मात्र सगळ्यांना चालायचं.

भिवाने धोट्याच्या दोन्ही बाजूंच्या पातळ भिंती कापून काढल्या, आठ दिवस अळशीच्या तेलात मुरवल्या, पितळी खिळे श्वास रोखून ठोकले. मग मूठ दिवसभर पाण्याच्या तांब्यात ठेवली. ती केसभरसुद्धा फुगली नाही. आनंदाच्या भरात त्याने चंपाला तीनदा हात लावून बघायला सांगितलं.

"माज्याकडं कधी एवढं बघितलं नाही तुमी," चंपा म्हणाली.

निवडणुकीचे दिवस होते. रमाकांत कट्टर समितीवाला. मुंबईसह सगळा मराठी मुलूख एक झाला पाहिजे, हे तो गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून सांगे, त्यामुळे वाद कोणी घालत नसे. या एकीतून त्याची खुर्ची तेवढी वगळलेली होती. भिवाने वस्तरे पायरीवरून द्यायचे आणि पायरीवरूनच न्यायचे.

आजही भिवा पायरीवरच थांबला. रमाकांतने वस्तरा उघडला, मिटला, तळहातावर तोलला.

"हे शिंग नाय."

"धोट्याचं लाकूड आहे, रमाकांतभाऊ."

"फुगेल रे."

"दिवसभर पाण्यात ठेवलं होतं. नाही फुगलं."

"बरं. पण नव्या मुठीला हात बसायला पायजे. पहिला गाल कोण देणार?" रमाकांतने बाकावर नजर फिरवली. बाकावरच्या सगळ्यांना एकदम वर्तमानपत्राची ओढ लागली. त्यात दौलतही होता.

"मी देतो," भिवा म्हणाला आणि पायरी ओलांडून थेट खुर्चीत जाऊन बसला. चार दिवस त्याने मुद्दामच दाढी केली नव्हती.

रमाकांत ब्रश धरून नुसता उभा राहिला. समोरच्या भिंतीवर समितीचं पत्रक होतं, तिकडे बघायचं त्याने टाळलं. पण हातातला वस्तरा त्याला स्वस्थ बसू देईना. शेवटी त्याने भिवाच्या डाव्या गालाला साबण फासला आणि वस्तरा फिरवला.

"आयला, काय हलका चालतो रे!" तो सगळं विसरला. वस्तरा बाकावरच्या प्रत्येकाच्या नाकासमोर नाचवून आला. "पास. उतर भिवा, काम झालं तुझं. माझे आणखी चार वस्तरे घेऊन जा."

चार वस्तरे! भिवाला ओरडावंसं वाटलं. धंदा वाचला होता, आणि तोही शिंगाशिवाय. आता धावत घरी जाऊन चंपाला सांगायचं होतं.

पण तो उतरला नाही.

"उजवा गाल राहिलाय," तो म्हणाला.

रमाकांतने त्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं, मग हातातल्या वस्तऱ्याकडे. मग त्याने ब्रश पुन्हा साबणात फिरवला.

गिऱ्हाइकं दाढीला बसली की डोळे मिटून घेतात. भिवाने मिटले नाहीत. आरशात जे चाललं होतं ते त्याला सगळं बघायचं होतं.