कणगीतली पृथ्वी

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे जव्हारात भाजीवालीपासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या शनिवारी तो टोपल्या विणणाऱ्या जैतूवर निघाला, आणि त्यात जैतूचा काडीचाही दोष नव्हता. ती लाज अजून गेलेली नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

माझे सासरे म्हणजे गोवर्धन गुरुजी. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. छत्तीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली पहिली अकरा मोखाड्याच्या डोंगरात. पाड्यापाड्यावर चालत जायचे, कुणाला गुरांमागून आणायचे, कुणाला झाडावरून उतरवायचे आणि शाळेत बसवायचे. अशा माणसाची सख्खी नात शाळेत जात नाही. नऊ वर्षांच्या स्वराला मी दोन वर्षांपासून घरीच शिकवते.

हौस म्हणून नव्हे. आधी ती शाळेत जातच होती. दुसरीत असताना तिने प्रश्न विचारणं सोडलं. आधी शाळेत, मग घरातही. बडबडी पोर नुसती मान हलवायला लागली. घरी ठेवल्यावर सहा महिन्यांनी एकदा भात कालवता कालवता तिने विचारलं, "आई, वाफ पुढे कुठं जाते?" आणि मी ओट्याकडे तोंड करून चक्क रडले. हे सगळं अण्णांना चारदा सांगून झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

"जन्मभर लोकांची पोरं शाळेत ओढून आणली," ते म्हणायचे, "आता लोक विचारतात, गुरुजी, तुमची नात कितवीत? काय सांगू?"

गावात आमच्यासारखी आणखी दोन घरं आहेत. मिळून पाच मुलं. दर रविवारी ती आमच्या अंगणात जमतात आणि आम्ही एकेक देश 'करतो'. जपानसाठी कागदाचे मोठे मासे रंगवून काठीवर चढवले, कारण तिथे मुलांच्या सणाला घरोघरी तसे मासे उडवतात. मेक्सिकोसाठी मक्याची भाकरी थापली. इथिओपियासाठी नाचणीचं पीठ तीन दिवस आंबवून परातीएवढी मोठी भाकर केली, तिच्याभोवती गोल बसलो आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने शेजारच्याला आपल्या हाताने घास भरवला. डॉक्टरांचा सुशील दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. त्या दिवशी त्याने चार घास खाल्ले आणि पाचवा मागितला.

अण्णा ओटीवरून बघत होते. "नाचणीची आंबोळी खाऊन इथिओपिया कळतो होय?" एवढं बोलून ते आत गेले.

जानेवारीत त्यांनी नाशिकच्या एका निवासी शाळेचा फॉर्म आणला. त्यांच्या वळणदार अक्षरात सगळा भरलेला. फक्त माझ्या नवऱ्याची, हरेशची, सही बाकी होती, आणि बापापुढे हरेशचं तोंड उघडत नाही. "येत्या रविवारी मी तुमचा वर्ग बघतो," अण्णा मला म्हणाले. "पोरीला खरंच काही येत असेल तर मी गप्प बसेन. नाहीतर सोमवारी हरेश फॉर्म घेऊन नाशिकला जाईल."

मला रात्रंदिवस एकच दिसायला लागलं, वसतिगृहाच्या पलंगावर मान हलवत बसलेली स्वरा. मग मी ठरवलं की पृथ्वीच करायची, माणसाएवढी, आणि वर्षभरात केलेले सगळे देश तिच्यावर लावायचे. सांगाडा विणायचं काम मोखाड्याकडच्या सूर्यमाळच्या जैतूला दिलं. जैतू पूर्वी दरवर्षी वीटभट्टीवर जायचा. आता साठीला टेकला, कंबर धरली, म्हणून घरीच टोपल्या, सुपं आणि धान्याच्या कणग्या विणतो. मी त्याच्या हातात स्वराचा चेंडू दिला आणि सांगितलं, अस्सा गोल, माझ्या उंचीचा.

शनिवारी दुपारी पिकअपमधून ती वस्तू उतरली. वीण अशी एकसारखी की नजर हटेना. पण ती पृथ्वी नव्हती, कणगी होती. पोट गोल, बूड चपटं, आणि वर उत्तर ध्रुवाच्या जागी माणूस जाईल एवढं तोंड. त्याचा काठसुद्धा दुहेरी बांधलेला.

"जैतूदादा, चेंडूला तोंड असतं का?"

"तोंड नाय ठेवला तं भरनार कुठून, बाय?"

"अहो, काही भरायचंच नाहीये!"

तो गोंधळून कणगीकडे बघत राहिला. भरायचं नाही तर विणायचं कशाला, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. आणि मी सुटले. सांगितलं एक, केलं भलतंच, उद्या माझ्या पोरीचा निकाल आहे आणि तुम्ही मला धान्याचं भांडं आणून दिलंत, असं बरंच काही. शेजारच्या गच्चीवर लोक जमले. जैतू टॉवेल खांद्यावर टाकून पिकअपमध्ये जाऊन बसला.

मुलं माझ्यापेक्षा शहाणी. सुशील म्हणाला, "काकू, उलटी करूया. पृथ्वी ध्रुवाजवळ चपटीच असते." खरंच की! उलटी केल्यावर चपटं बूड उत्तर ध्रुव झालं आणि तोंड अंटार्क्टिकात गेलं, जिथे तसंही कोणी राहत नाही. चार दगडी चिऱ्यांवर ती टेकवली. संक्रांत नुकतीच झाली होती, दुकानात पतंगाचा कागद उरलेला होता. अंधार पडेपर्यंत पाची जणांनी खळ लावून देश चिकटवले. जपान लाल, मेक्सिको हिरवा, भारत पिवळा. प्रत्येक देशावर त्याच्यासाठी रविवारी जे केलं होतं त्याचं काळ्या शाईत चित्र. समुद्रापर्यंत कागद पुरला नाही, म्हणून समुद्र तसाच उघडा सोडला.

सकाळी उठून बघते तर दवाने कागद ठिकठिकाणी सुटलेले. आतून बोटाने दाबायला हवे होते. स्वरा अंटार्क्टिकातून आत शिरली. मी बाहेरून सांगत होते, ब्राझील दाब, आता खाली दाब. आतून उत्तर नाही. दोन हाका मारल्या, तिसरी जरा चढ्या आवाजात मारली, तरी नाही. शेवटी चरफडत मी चिऱ्यांमधून डोकं आत घातलं.

आणि तशीच रांगत आत गेले.

पूर्वेचं ऊन नुकतंच अंगणात आलं होतं आणि सगळं जग पेटलेलं होतं. बाहेरून जे साधे पतंगाचे तुकडे होते ते आतून उजळून निघाले होते. लाल जपानवर माशाची सावली, जांभळ्या इथिओपियावर गोल ताटाची. उघड्या सोडलेल्या समुद्राच्या प्रत्येक भोकातून ऊन येत होतं, हजारो ठिपके, आणि वाऱ्याने कणगी जराशी हलली की सगळे समुद्र एकदम लकाकायचे. स्वरा मधोमध उभी होती. तिच्या फ्रॉकवर, केसांवर, गालांवर देश पडले होते. मी भूगोल शिकले, परीक्षा दिल्या, नकाशे भरले, पण हे जग एवढं मोठं आणि एवढं सुंदर आहे हे मला चाळिसाव्या वर्षी गुडघ्यांवर बसून कळलं. खरं सांगते, मी हात जोडले.

नऊ वाजता अण्णा आले. टोपी, कोट, हातात छडी नव्हती इतकंच. बाहेरून एक फेरी मारून म्हणाले, "बरं आहे. कागदकाम." मग स्वरा म्हणाली, "आजोबा, परीक्षा आत आहे." त्यांचे गुडघे दुखतात, पण हरेशने आधार दिला, मी आत पाट सरकवला, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे गोवर्धन गुरुजी अंटार्क्टिकातून वाकून जगात शिरले.

आतून त्यांचा आवाज आला, वर्गातला. "भारत दाखव. बरोबर. अरबी समुद्र?" थोडं थांबून, "चूक! अरबी समुद्र डावीकडे असतो. तू उजवीकडे दाखवतेस."

एवढी साधी गोष्ट पोरगी चुकली?

"नाही आजोबा," स्वरा शांतपणे म्हणाली. "ते बाहेरून बघणाऱ्याला. आपण पृथ्वीच्या पोटात आहोत. इथून सगळं उलटं दिसतं. तुम्ही मनाने बाहेर जाऊन बघा."

"छत्तीस वर्षं नकाशा भिंतीवर टांगला," अण्णांचा आवाज आला, पण तो वर्गातला नव्हता. "आत कोणी नेलंच नाही मला."

एवढ्यात फाटक वाजलं. बघते तर जैतू. सूर्यमाळहून पहिल्या जीपने आला होता आणि डोक्यावर बांबूचं भलंमोठं गोल झाकण. "बाय, झाकन आनलाय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आता तोंड दिसनार नाय. चेंडूच वाटल."

आदल्या दिवशी मी ज्याचा पाणउतारा केला तो माणूस रात्रभर बसून माझ्यासाठी झाकण विणून आला होता. मी म्हटलं, "दादा, चुकले मी. तोंड ठेवलंत म्हणून तर सगळं झालं." त्याला काय झालं ते कळलं नाही, पण तो हसला. तोवर स्वरा बाहेर आली आणि झाकण हाताळत तिने विचारलं, "जैतूआजोबा, तोंड न ठेवता, झाकण न लावता पूर्ण बंद विणता येतच नाही का?"

"येल ना," जैतू म्हणाला. "पन बांबूची शेवटची कामटी आतून ओढाय लागते. मंग विननारा आतच राहनार."

स्वरा पृथ्वीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "खरी पृथ्वी तर सगळीकडून बंद आहे. ती कोणी विणली?"

जैतूने डोकं खाजवलं. घाई केली नाही. त्या भल्यामोठ्या गोळ्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "ज्यानं विनला तो आतच आसल, बाय."

सुशीलने आ वासला. मग कणगीतून अण्णांचा आवाज आला, "हा प्रश्न तिला कुणी शिकवला, जयश्री?"

"कोणीच नाही, अण्णा."

"आणि उत्तर देणारा कोण आहे?"

"जैतू. सूर्यमाळचा."

"काळ्याचा जैतू?" आतून पाट सरकल्याचा आवाज झाला. "अरे, तीनदा आलो होतो तुझ्या घरी. तू कधी सापडलाच नाहीस."

जैतूने जीभ चावली. साठीचा माणूस एकदम आठ वर्षांचा दिसायला लागला. "घरातच होतो, गुरुजी. कनगीत. आय सांगायची, गुरुजी नेऊन सुई टोचतो. मी भ्यायचो. फटीतून तुमची टोपी दिसायची. तुमी गेला की मंग रडायचो."

"का रे?"

"बाकीची पोरं तुमच्यासंगं जायची नं."

मी चिऱ्यांपाशी होते, मला ते दिसत होते. त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला. त्यांच्या कपाळावर इथिओपियाचा जांभळा उजेड पडला होता. "दोन वर्षं तुझं नाव हजेरीत लिहीत होतो," ते म्हणाले. "रोज पुकारायचो. ये, आत ये."

जैतूने वहाणा बाहेर काढल्या, देवळात काढतात तशा. ज्या कणगीची प्रत्येक कामटी त्याने स्वतः ओढली होती तिच्यात तो शिरला आणि वर बघून "आये गं" एवढंच म्हणाला. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. ह्यो लाल कोनता? तिथं भात होतो का? ती मासळी काठीवर कशी? आपला सूर्यमाळ कुठं? स्वरा आत जाऊन एकेकाचं उत्तर देत होती, आणि येत नव्हतं तिथे "मला माहीत नाही, आपण शोधू" म्हणत होती.

अण्णा हरेशचा हात धरून बाहेर आले. कोटावरची खळ झटकली. "हरेश, उद्या नाशिकला जायचं नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हा माणूस दर रविवारी येईल. त्याला शिकवायला पोरगी इथं हवी."

मी मान हलवली. अण्णांनी टोपी सारखी केली, मुलांना रांगेत उभं केलं आणि बिनवहीची, तोंडपाठ हजेरी घ्यायला लागले. स्वराचं नाव आलं, सुशीलचं आलं, बाकीच्या तिघांची आली. मग त्यांनी घसा खाकरला आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, "जैतू काळ्या!"

कणगीतलं बोलणं थांबलं. सगळे समुद्र एकदा लकाकले.

"हाय, गुरुजी," आतून आवाज आला.