मुकुटातला सातवा मोती

"मास्तर, जरा बाजूला सरा, माझा उजेड अडतोय," बाबा म्हणाले. मास्तर इतके झटकन सरले, की आईच्या हातातला चहा सांडता सांडता वाचला.

टेबलावर चांदीची दोन नाणी होती. एक बाबांचं, दुसरं बाबांसारख्याच नाणेवेड्या मास्तरांनी आठ तासांचा प्रवास करून आणलेलं. दोन्हींवर तीच राणी, तेच साल. बाबांच्या नाण्यावर राणीच्या मुकुटातला सातवा मोती नव्हता, आणि आपल्याही नाण्यावर तो दिसत नाही, असं मास्तरांनी कळवलं होतं. टपाल कचेरीत जन्मभर शिक्के मारलेल्या माझ्या बाबांनी तीस वर्षांपूर्वी हे हेरलं आणि छातीठोकपणे सांगितलं, की टाकसाळीत नाणी पाडायचा एक ठसाच मोत्याविना कोरला गेला होता. नाणेसंग्राहकांच्या जाडजूड पुस्तकात त्याची नोंद छापून आली. तेव्हापासून बाबा त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्याकडे डोळे लावून बसले होते. आमच्या स्थळांची एवढी वाट पाहिली नाही, असं आई म्हणायची. नाण्यांना ती सरळ सवत म्हणायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

"सापडलं!" बाबा भिंगातून बघत म्हणाले. "हनुवटीखालची ही उठावदार रेघ बघ. ठशाला तडा गेला की नाण्यावर अशी रेघ उमटते. माझ्याही नाण्यावर हीच आहे. म्हणजे ठसा तोच!"

इतके खूश ते मी माझ्या लग्नातही पाहिले नव्हते.

मग भिंग या नाण्यावरून त्या नाण्यावर गेलं, पुन्हा या नाण्यावर आलं.

"काय झालं, बाबा?"

"माझी रेघ अर्ध्यात थांबते. यांची पार काठापर्यंत गेलीय. तडा वाढत जातो, म्हणजे यांचं नाणं नंतर पाडलेलं."

"मग?"

"यांच्या नाण्यावर मोती आहे."

मास्तर चाचरत म्हणाले, "थोडासाच दिसतो हो. नाणं घासलंय, म्हणून तसं वाटत असेल."

"घासून मोती जातो, मास्तर. उगवत नाही."

मग बाबांनीच समजावून सांगितलं. मोती ठशात पहिल्यापासून होता. त्यांचं नाणं पाडताना ठशातल्या मोत्याच्या खळग्यात यंत्राचं वंगण बसलं असणार आणि मोती उमटला नसणार, एवढंच. वेगळा ठसा वगैरे काही नव्हताच. मी रडायच्या बेतात होते.

"राहू द्या ना," मास्तर कळवळून म्हणाले. "मी कुणाला नाही सांगणार."

"तुम्ही नाही सांगणार. पण ते पुस्तक वाचून कुणी माझ्यासारखंच शोधत बसेल, त्याचं काय?" बाबा माझ्याकडे वळले. "संपादकांना पत्र लिही गं. मी सांगतो."

मी कागद घेतला. नोंदीचा क्रमांक हवा होता, म्हणून बाबा पुस्तक काढायला उठू लागले.

"पान दोनशे सहा, नोंद चौथी," आई म्हणाली.

आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. पाठमोरी उभी राहून कपबश्या गोळा करता करता ती म्हणत होती, "'मुकुटात सातवा मोती नाही. असे एकच नाणे ज्ञात. टपाल खात्यातील एका कारकुनाने केवळ साध्या भिंगाच्या मदतीने हा प्रकार शोधून काढला.'"

"लिही," बाबा म्हणाले. "ही नोंद काढून टाकावी."

"सगळी?" आईने विचारलं.

"सगळी."

आईने कपबश्या तशाच ठेवल्या आणि खुर्ची ओढून ती बाबांना अगदी खेटून बसली. त्यांच्या हातातलं भिंग तिने काढून घेतलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच बाबांच्या नाण्यावर धरलं.

"दाखवा तरी," ती म्हणाली, "कुठे नाहीये तो मोती?"