शेवटच्या बाकापर्यंत

नखाएवढा उरलेला खडू. धरवतही नाही, टाकवतही नाही.

घशात दोन गाठी. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवल्या तेव्हा वाटलं, एवढ्याशा?

"एक बरं झालं," नवरा म्हणाला, "लग्नानंतर पहिल्यांदाच शेवटचा शब्द माझा."

"दीर्घ श्वास घ्या. सोडा. आता मनातलं सगळं बोलून टाका."

खिडकीत एक पोरगं. एक पाय आत, एक पाय बाहेर.

हे सगळं चौथीच्या बाईंच्या वाट्याला आलं, आणि तेही एकाच महिन्यात. सुरुवात घशापासून झाली. आधी आवाज बसला, मग फाटला, आणि एके दिवशी पाढे म्हणून घेताना मध्येच जो गेला तो परत आलाच नाही. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"तीन आठवडे तोंड उघडायचं नाही. जेवायला सोडून."

"हळू बोललं तर?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"कुजबुज त्याहून वाईट. ही शेवटची. नाहीतर शस्त्रक्रिया, आणि नंतर कोणता आवाज परत येईल त्याची हमी मी देणार नाही. रजा टाका."

रजा टाका! सांगायला काय जातं?

या शाळेत रजेवरच्या शिक्षकाच्या जागी कुणी येत नाही. त्याचा वर्ग वाटून टाकतात, मांजरीची पिल्लं वाटावीत तसा. थोडी या वर्गात, थोडी त्या वर्गात. मुलं दप्तर छातीशी धरून परक्या दारात उभी राहतात आणि आतल्या बाई त्यांच्याकडे अशा बघतात, जणू ऐन जेवणाच्या वेळी न सांगता पाहुणे टपकले. मग रजेवरून परतलेल्याशी कुणी धड बोलत नाही. तिसरीच्या सरांनी आईला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा ते आठवडाभर आले नव्हते. परतल्यावर शिक्षकखोलीत चहाचा कप त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. त्या दिवशी चहा ओतत होत्या आपल्या याच बाई. सरांची मुलं त्यांच्याकडे आली होती ना. त्यातलं एक चावरं निघालं.

तेव्हा रजेचं नावच नको. बाईंनी गळ्यात पाटी अडकवली आणि शाळा गाठली.

एक टाळी: इकडे बघा.
तळवा वर: थांबा.
दोन बोटं: तू बोल.
मूठ: वह्या बंद, तोंडं बंद.

मुलांनी आधी गंमत म्हणून पाळलं, मग सवय म्हणून. चार दिवसांत वर्ग असा शांत झाला की कोपऱ्यातल्या नळाची टपटप ऐकू यायला लागली. तो नळ गळतो हे बाईंना आजवर माहीतच नव्हतं. त्या फळ्यावर लिहायच्या आणि वर्ग मोठ्याने वाचायचा. एकदा त्यांनी लिहिलं, 'पुस्तकं उघडा.' आख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "पुस्तकं उघडाऽऽ! कान आहेत की कोनाडे?"

पुढचं बाईंनी लिहिलेलं नव्हतं. मुलांना ते पाठ होतं. सूरही हुबेहूब, आधी चढलेला, मग चिरकलेला. पोरं खो खो हसली. बाईही आवाज न करता हसल्या, आणि मग फळ्याकडे वळून लिहिलेलं पुसलं. पुसायचं काही उरलं नव्हतं, तरी पुसत राहिल्या.

घरी मात्र या विद्येचं हसंच झालं. नवरा आणि लेक रिमोटवरून भांडत होते. बाईंनी टाळी वाजवली, तळवा वर केला. नवरा चक्क गप्प बसला. लेक नाही.

"आई, मी तुझा वर्ग नाहीये."

बाईंनी पाटीवर लिहिलं, 'माहीत आहे.'

"काही माहीत नाहीये! काल मी तुला म्हटलं, मला काहीतरी सांगायचंय. तू वह्या तपासत होतीस. मान वर न करता मूठ दाखवलीस."

बाईंना आठवेना. पण दाखवलीच असेल. हात आता त्यांना विचारत नव्हते. त्यांनी घाईघाईने लिहिलं, 'आता सांग.'

"आता नाही," लेक म्हणाली आणि खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं ते हळूच लोटलं.

"येईल सांगायला," नवरा म्हणाला. "तू आधी बोलती हो."

दोन आठवडे निभावले. तिसऱ्याच्या तोंडावर, सुट्टीच्या दिवशी, सगळ्या शिक्षकांना शाळेत बोलावलं. कार्यशाळा होती, 'तणावमुक्त शिक्षक'. हजेरी सक्तीची. बाहेरून आलेले पाहुणे गोड बोलत होते. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला. मग म्हणाले, "कोंडून ठेवू नका. बोला," आणि माईक नेमका बाईंच्या पुढ्यात धरला.

बाईंनी माईककडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे.

"त्यांचं मौन आहे," पाचवीच्या बाई म्हणाल्या, आणि सभागृह खदखदून हसलं. त्या आठवड्यात तणाव कमी झाला असेल तर तेवढाच.

मग मुख्याध्यापिका उठल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. "तिसरीचे सर उद्यापासून पुन्हा रजेवर आहेत. आई परत पडल्यात त्यांच्या." सभागृहाचा चेहरा पडला. जो तो आपल्या वर्गात कुठे जागा उरलीय ते आठवायला लागला. "पण या वेळी वर्ग वाटायची गरज नाही. चौथीचा वर्ग मी दारातून बघितलाय. काय शिस्त! टाचणी पडली तर ऐकू येईल. तर तिसरी सरळ तिथेच बसवू. बाईंना बोलायचं थोडंच आहे? मग चाळीस काय नि ऐंशी काय!"

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या, कारण प्रत्येकाची मान सुटली होती.

बाई मोठ्या बाईंच्या मागे त्यांच्या खोलीपर्यंत गेल्या. पाटीवर लिहिलं, 'जमणार नाही. घसा कायमचा जाईल.'

मोठ्या बाईंनी वाचलं. चष्मा काढला. "हे असं पाट्या दाखवणं बरं दिसतं का? काही म्हणणं असेल तर तोंडाने सांगावं माणसाने."

जिन्यात पाचवीच्या बाईंनी दंडाला धरून समजावलं, "अगं, तुला जमतं म्हणून तुला दिलं. आम्हाला जमलं असतं तर आम्ही मागे राहिलो असतो का?"

चालत्या बैलालाच पराणी. हे पाटीवर लिहून तरी कुणाला दाखवायचं? सगळे तर त्याच गाडीत बसलेले.

दुसऱ्या दिवशी तिसरी आली. बाकांवर तीन-तीन, मधल्या वाटेत, फळ्याखाली, दाराच्या उंबऱ्यावर. बाईंनी टाळी वाजवली. तिसरीच्या मुलांनीही वाजवली, त्यांना वाटलं खेळ आहे. तळवा वर केला, तर चार जणांनी टाळी द्यायला हात पुढे केले. चौथीची मुलं त्यांना शिकवायला सरसावली, "एक टाळी म्हणजे बघा! मूठ म्हणजे गप्प!" आणि शिकवता शिकवता इतकी ओरडली की जे दोन आठवड्यांत साधलं होतं ते दहा मिनिटांत पाण्यात गेलं. बाईंच्या हातातला खडू तुटला. त्या फळ्यावर 'शांत' एवढंच लिहू शकल्या, आणि ते कुणीच वाचलं नाही.

तेव्हा ते चावरं पोरगं खिडकीत चढलं. कुणीतरी त्याची टोपी खिडकीबाहेरच्या सिमेंटच्या पट्टीवर फेकली होती. वर्ग पहिल्या मजल्यावर. गज एका बाजूने वाकलेले, वर्षभर तक्रार करूनही तसेच. पोराने एक पाय बाहेर टाकला.

बाई आणि खिडकी यांच्या मध्ये पोरंच पोरं. पाऊल ठेवायला जागा नाही. त्यांनी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. त्याची वर्गाकडे पाठ होती.

"उतर!"

पत्रा फाटावा तसा आवाज झाला. तो बाईंचा आहे हे आधी बाईंनाच कळलं नाही. पोरगं दचकून आत पडलं, दोघांच्या अंगावर. आख्खी खोली गार झाली. नळाची टपटप ऐकू आली.

मोठ्या बाई धावत दारात आल्या. त्यांनी खिडकी पाहिली नाही, पोरगं पाहिलं नाही. "अहो, आहे की आवाज!" त्यांचा चेहरा उजळला. "उगाच आम्हाला घाबरवलंत."

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काही आलं नाही. हवासुद्धा नाही. घशात गरम काहीतरी सरकलं, एवढंच.

त्यांनी गळ्यातली पाटी काढून टेबलावर ठेवली. पर्स उचलली. पोरांच्या गुडघ्यांतून वाट काढत दारापाशी आल्या, मोठ्या बाईंचा हात हातात घेतला आणि त्यात तो उरलेला खडू ठेवला.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मागून मोठ्या बाईंचा आवाज आला, "गप्प बसाऽऽ!" मग डस्टर आपटलं. मग पुन्हा, "गप्प बसाऽऽ!" चिरकलेला. बाई थांबल्या नाहीत. लेकीची शाळा सुटायच्या आत घरी पोहोचायचं होतं.

नोकरी लागली तेव्हा मुलाखतीत त्यांना एकच प्रश्न विचारला होता, "आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो का?"