नारळाचा कोपरा वगळून

मी एक पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, वाजवायची तर मुळीच नव्हे. पाइनच्या फळ्यांची, माल पाठवायची पेटी. गेले चौदा महिने मी चाकणच्या एका शेडमध्ये तसूभरही हललेले नाही, कारण मला हलवायला परवानगी लागायची. माझ्या अंगाला लाल पट्टी गुंडाळून वर कागद चिकटवला होता : ‘पुरावा. हलवू नये.’ साध्या लाकडाला एवढा मान मिळेल असं वाटलं नव्हतं.

तळेगाव रस्त्यावरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. खिळे ठोकण्याआधी माझ्या फळ्या भट्टीत तापवल्या, कारण आमच्या पोटातल्या किड्यांना परदेशी जायला बंदी आहे. मग शिक्का मारला आणि शेजारी छत्रीचं चित्र काढलं, म्हणजे पाण्यापासून जपा. ती छत्री मी समुद्रभर मिरवली, पण वाचायला कुणी आलं नाही. फोर्कलिफ्टचे दात खालून जावेत म्हणून तळाला अर्धी वीत उंचीचे ओंडके ठोकले. हे ओंडके ध्यानात ठेवा.

माझी मालकीण अपेक्षा. तिचे वडील सोपानराव यांची चार एकर जमीन एमआयडीसीत गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी लेकीला वर्कशॉप काढून दिलं. अकरा माणसं तिथं गिअर बनवायची. युरोपातल्या एका कंपनीची पहिली ऑर्डर आली, तेव्हा त्या सगळ्यांनी अडीच महिने दोन शिफ्ट करून ते गिअर घासले, तपासले आणि लेकराला दुपट्यात गुंडाळावं तसे गुंडाळून माझ्या पोटात ठेवले. मला फार जबाबदारीचं वाटलं.

ट्रक दारात आला. अपेक्षाची आई शालनबाई हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या.

“आई, तिकडं दगडावर फोड,” अपेक्षा म्हणाली.

“दगडाला कुटं जायाचंय? जिला जायाचंय तिच्यावरच फुटू दे की.” आणि त्यांनी माझ्या पुढच्या कोपऱ्याच्या लोखंडी पट्टीवर नारळ आपटला. पाणी माझ्या अंगावरून ओघळलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी फोटो काढला. खोबरं वाटून झालं आणि मी निघाले.

आमच्या जहाजाचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्या आणि विमा चौथ्या. काही बिघडलं तर चौघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. जवळच्या वाटेवर क्षेपणास्त्रं उडत होती, म्हणून आम्ही आख्ख्या आफ्रिकेला वळसा घातला. तिथं वादळ लागलं. आमच्या कंटेनरच्या दाराचं रबर झिजलेलं होतं. लाटा डेकवर चढल्या आणि आत घोट्याच्या वर पाणी साचलं. माझा तळ भिजला. पोटातले गिअर गंजले आणि मी काही करू शकले नाही.

गिऱ्हाइकानं पेटी उघडली, गिअर धुऊनपुसून पाहिले आणि सगळा माल माझ्यातच भरून परत पाठवला. धुतल्यामुळे गिअरवरचं मीठ गेलं. एकच साक्षीदार उरला, तो म्हणजे मी.

अपेक्षानं मालाचा विमा काढला होता. त्या विमा कंपनीचं म्हणणं साधं होतं. वळशामुळे उशीर झाला आणि दमटपणानं गंज चढला, तर पैसे नाहीत. समुद्राचं पाणी आत शिरलं, तर पैसे आहेत. म्हणून त्यांनी नुकसान तपासायला सर्व्हेअर पाठवला. बुद्धरत्न त्याचं नाव, माणूस सरळ. त्यानं माझ्या पुढच्या कोपऱ्याच्या खालच्या अंगाला ओला कापूस घासला, काचेच्या नळीत पिळला आणि वर औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

“मीठ आहे. समुद्राचंच पाणी,” तो म्हणाला. शालनबाईंनी त्याला चहासोबत दोन लाडू दिले.

पण पॅकिंग किती चोख होतं हे दाखवायला अपेक्षानं भरपाईच्या अर्जासोबत मोठ्या हौसेनं तोच नारळाचा फोटो जोडला होता. दीड महिन्यानं पत्र आलं : ‘नारळाच्या पाण्यातही क्षार असतात. सबब सदर चाचणी ग्राह्य नाही. नारळ कोणत्या जातीचा होता, पाणी किती होतं आणि सध्या नारळ कोठे आहे, हे कळवावे.’

सोपानरावांनी पत्र दोनदा वाचलं. “नारळ आमी खाल्ला, असं लिवायचं का आता?”

अपेक्षानं तसंच लिहिलं. उत्तर आलं : ‘नारळाचे पाणी चहूकडे उडू शकते, म्हणून पेटीच्या तळाचा नमुना सादर करावा. मात्र आमच्या लेखी परवानगीशिवाय पेटी हलवू अगर उचलू नये.’ अपेक्षानं परवानगी मागितली. पत्र एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं.

इकडे दुसरी शिफ्ट बंद झाली. अकराची सहा माणसं झाली. एक गोदामवाला शेड भाड्यानं मागत आला आणि टेपनं माप घेत माझ्याभोवती फिरला. अपेक्षा मशीनला टेकून बघत राहिली. त्या दिवशी मला माझ्या लाल पट्टीची लाज वाटली.

गेल्या महिन्यात बुद्धरत्न पुन्हा आला, परवानगी आली का विचारायला. वकिलाचा सल्ला, क्रेन, कोर्ट अशी चर्चा चालली होती. शालनबाई शेजारी केर काढत होत्या.

“खालनं हात जातोय की,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“आवो, मी रोज खाली केरसुनी घालती. परवा तळाच्या फळीला बोट लागलं, जिभंला लावलं तर खारट. उचलायची कशापायी?”

तीन पदव्या, एक सर्व्हे आणि सतरा पत्रं झाली होती. वाकून बघायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. बुद्धरत्न इस्त्रीच्या शर्टासकट फरशीवर पालथा झाला, ओंडक्यांमधून हात घातला आणि पार मागच्या टोकाला, जिथं कुठलाही नारळ पोचला नसता तिथं, कापूस घासला. नळीतलं पाणी पांढरंफटक झालं. मी हललेसुद्धा नव्हते.

काल मंजुरीचं पत्र आलं. ‘नारळाचा कोपरा वगळून दावा मान्य.’ त्या कोपऱ्याची म्हणून थोडी रक्कम कापलीच. अपेक्षा आधी हसली, मग तिथंच खाली बसून रडली. सोपानरावांनी घरी बसलेल्या पाचही जणांना फोन लावले. सोमवारपासून दुसरी शिफ्ट सुरू.

आता माझं काम संपलं. लाल पट्टी निघाली; उद्या माझ्या फळ्या सोडवणार आहेत. आज शालनबाई माझ्यासाठी नारळ घेऊन आल्या. अपेक्षा लांबूनच ओरडली, “आई, पेटीवर नको!” त्यांनी तो गेटजवळच्या दगडावर फोडला आणि खोबऱ्याचा एक तुकडा माझ्यावर आणून ठेवला.

“लई सोसलंस बाई,” त्या म्हणाल्या.

चौदा महिन्यांत मला कितीतरी जणांनी तपासलं, पण असं कुणी बोललं नव्हतं. माझं मागणं एवढंच : माझी तळाची फळी चुलीत घालू नका. नव्या पेटीला लावा. तिनं समुद्र पाहिलाय, आणि आपली साक्ष कुठं जपून ठेवायची हे तिला कळतं. अडलंच कुठं, तर शालनबाईंना बोलवा.