मास्तर आणि कानसेन

रुग्णालयाच्या संगणक विभागात दोन प्रोग्रॅम होते आणि दोघांचंही बारसं चिमीनेच केलं होतं. चिमी म्हणजे तिथली प्रोग्रॅमर. वय छत्तीस, पण घरात अजून चिमीच. नर्सने औषधाचं नाव टाइप केलं की प्रोग्रॅमने ते सगळ्या यादीशी ताडून पाहायचं आणि त्याच्यासारखं दुसरं नाव सापडलं तर पडद्यावर लाल पट्टी दाखवायची: 'नक्की हेच का?' मास्तर अक्षरं तपासायचा. एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं बदलावी, गाळावी किंवा घालावी लागतील, एवढंच तो मोजायचा. कानसेनला स्पेलिंगशी देणंघेणं नव्हतं. उच्चार सारखा वाटला की तो ओरडायचा.

दोन वर्षांपूर्वी तिने दोघांना महिनाभर शेजारी शेजारी चालवून पाहिलं. मास्तर दिवसाला दहा-बारा पट्ट्या दाखवी, कानसेन चारशे. भोळसट कुठला! त्याला सगळं जगच सारखं ऐकू यायचं. औषधविभागाच्या प्रमुखांचं डोकं उठलं. "अहो, याला आवरा, नाहीतर आम्ही पट्ट्या न वाचताच पुसायला लागू," ते म्हणाले, आणि त्यात काही खोटं नव्हतं. पण कानसेनला वळण लावता आलं असतं. दोन महिन्यांचं काम होतं. चिमीने कंटाळा केला. हो, कंटाळाच, त्याला दुसरं गोंडस नाव द्यायचं कारण नाही. 'मास्तर पुरेसा आहे' असं लिहून तिने सही ठोकली आणि कानसेनला बंद केलं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी वॉर्डात फोन करून औषध सांगितलं: फिझॉक्स. फोन वहिनीने घेतला. वहिनी म्हणजे चिमीच्या थोरल्या भावाची बायको. एकवीस वर्षं नर्स होती, आणि या नोकरीची जाहिरात कापून चिमीच्या हातात तिनेच ठेवली होती. फिझॉक्स नावाची औषधं दोन. एक पी-एच-वाय-झेड-ओ-एक्स, ताप उतरवणारं. दुसरं एफ-आय-झेड-ओ-सी-एस, रक्त पातळ करणारं. तोंडाने म्हणाल तर दोन्ही एकच. वहिनीच्या वॉर्डात रोज दुसरं लागे. तिने तेच टाइप केलं. पट्टी काही आली नाही. रोगी एक सुतार होता, आदल्याच दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेला. संध्याकाळच्या आत तो रक्तस्राव होऊन गेला.

वहिनीला घरी बसवलं, चौकशी लागली. आपण नाव बरोबरच सांगितलं, असं म्हणून डॉक्टरांनी हात वर केले. तेही खरंच होतं.

अधीक्षकांनी चिमीकडे अहवाल मागितला. तिने ती जोडी मास्तरला दिली. सहा अक्षरांच्या नावात पाच बदल. मास्तरच्या खिजगणतीतही ही जोडी नव्हती. मग तिने दोन वर्षांनी कानसेनला सुरू केलं. उच्चारातला फरक: शून्य. तिने पुन्हा चालवून पाहिलं. शून्यच.

दोन्ही आकडे घेऊन ती अधीक्षकांकडे गेली.

"हा दुसरा प्रोग्रॅम वापरात होता का?" त्यांनी विचारलं.

"नव्हता."

"मग त्याचं इथं काय काम?" त्यांनी कागद परत सरकवला. "बंद कोणी केला, हे पुढे विचारतील. सही तुमची आहे. एका घरातल्या दोघींनी घरी बसायचं का, ते तुम्हीच बघा."

माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर चिमीला भांडता तरी आलं असतं. तिने जागेवर येऊन कानसेनची ओळ खोडली. हे घरासाठीच, असं तिने स्वतःला समजावलं. पटलं नाही, पण अहवाल गेला.

चौकशीत तो मोठ्याने वाचला गेला: सहा अक्षरांत पाच फरक, गल्लत होण्यासारखं साम्य नाही. वहिनीचा परवाना रद्द झाला. घरी येऊन चपला काढता काढता ती म्हणाली, "तू तपासलंस ते बरं झालं. दुसऱ्या कोणी तपासलं असतं तर वाटलं असतं, उगाच माझ्यावर ढकलतायत. माझ्या कानातच खोट असणार गं. उद्या येशील का सोबत, दाखवून येऊ?"

दुसऱ्या दिवशी वहिनी काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसली. शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसून ऐकू येईल तो शब्द मोठ्याने म्हणत होती. पन्नासपैकी पन्नास बरोबर.

"कान अगदी ठणठणीत आहेत," तपासणाऱ्या बाई खुशीत म्हणाल्या.

वहिनीचा चेहरा पार उतरला. बाहेरच्या बाकावर ती मटकन बसली.

"कान चांगले आहेत, चिमे. म्हणजे माझं लक्षच नव्हतं. नुसत्या हलगर्जीपणाने माणूस मारला मी."

एक वाक्य पुरलं असतं. चिमीला ते पाठ होतं, गेले आठ दिवस ती ते मनात म्हणत होती. तिला स्वतःची शिसारी आली.

"होतं कधी कधी, वहिनी," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

वहिनीने तिला जवळ ओढलं, पदराने तिचे डोळे पुसले. "वेडी का तू? तू कशाला रडतेस? तुझा काय दोष यात?"