पेटीशेजारची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे; पण माझ्या गादीवरून माझे वय ओळखायला जाल तर फसाल. गादी अजून नवीकोरी दिसते. लोक कौतुकाने म्हणतात, "काय जपून वापरलीय!" त्या कौतुकाचा मला संताप येतो. मला कुणी जपले नाही. माझ्यावर सहसा कुणी बसलेच नाही.

फर्निचरच्या कारखान्यात मला घडवले तेव्हा मिस्त्रीला बजावून सांगितले होते, की आईला तासन्‌तास बसता आले पाहिजे. म्हणून त्याने माझी पाठ उंच केली, हात रुंद केले, मागे रेलायला कळ बसवली. मग दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांच्या खोलीत, रुग्णालयात, मला एका काचेच्या पेटीशेजारी ठेवले. आईने माझ्यावर रेलायचे आणि सिस्टरांनी बाळ पेटीतून काढून तिच्या उघड्या छातीवर ठेवायचे, वरून चादर घालायची. त्याने बाळाचा श्वास स्थिरावतो, वजन वाढते. औषधाइतकेच हे मोलाचे, असे थोरल्या सिस्टर सांगत. मी मोठ्या उमेदीने वाट पाहू लागले.

पण आया बसणार कधी? आल्या की घड्याळाकडे बघत उभ्याच. बापांचे तर विचारूच नका. त्यांना रजा हा शब्दच लागू नव्हता. बिचारे काचेबाहेरून चोरासारखे डोकावून कामावर पळत.

मग कॉलरवाली आली. ती कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. तिची मुलगी एवढीशी होती, की सिस्टर तिला राईबाई म्हणत. कॉलरवालीला बाळंतपणाची भरपगारी रजा होती, पण मोजकी. आणि बाळ पेटीत किती दिवस राहील ते कुणी सांगेना. तेव्हा सासूबाईंनी व्यवहाराची गोष्ट काढली.

"इथे सिस्टर आहेत, मशीन आहेत. तू नुसती बसून काय करणार गं? रजा आत्ताच संपवलीस तर पोर घरी आल्यावर बघणार कोण? कामावर जा. रजा साठव."

कॉलरवालीला ते पटले. पटण्यासारखेच होते ते. कारखान्याच्या साहेबांनीही मान डोलावली, की उरलेली रजा पुढे घ्या. ओली बाळंतीण पुन्हा शिलाईच्या मशीनवर जाऊन बसली आणि रजा तिने दागिन्यासारखी जपून ठेवली.

बाळाला बाहेर काढायचे ते दिवसा, डॉक्टर हजर असताना. आणि ही यायची काम सुटल्यावर. पेटीच्या झरोक्यातून हात घालून ती लेकीच्या तळपायाला बोट लावायची. "राईबाई, जरा दम धर हं. घरी आलीस ना, की तुला खाली म्हणून ठेवणार नाही." एका सुट्टीच्या दिवशी मात्र ती माझ्यावर बसली. लेक छातीवर येताच मशीनवरचे धावते आकडे शांत झाले. दोघी तशाच झोपी गेल्या. माझ्या जन्माचे काम म्हणाल तर तेवढेच.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी राईबाई गेली. जंतुसंसर्ग झाला होता. आई शेजारी असती तरी वाचली असतीच असे नाही, हे डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा सांगितले. खरेच असेल ते. पण लेकरू गेले तेव्हा ते कुणाच्या कुशीत नव्हते, आणि मी शेजारी रिकामी उभी होते.

काही दिवसांनी ती सिस्टरांना भेटायला आली. साठवलेली रजा मागायला ती साहेबांकडे गेली होती. साहेब म्हणाले होते, "बाई, ती रजा बाळ सांभाळायला असते. आता बाळ कुठे आहे?" हे सांगताना ती रडलीसुद्धा नाही. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सिस्टर, ही खुर्ची मला द्या."

रुग्णालय मला द्यायला कशाला नाही म्हणेल? नाहीतरी रिकामीच असते म्हणून मला हलवून तिथे कपाट ठेवायचे घाटत होते. कॉलरवालीचा नवरा माल पोचवणारी गाडी चालवायचा. त्याने मला त्या गाडीतून कामगार कार्यालयाच्या फाटकासमोर आणले. माझ्या पाठीला त्यांनी पाटी बांधली : "बाळ पेटीत असेल तोवर आईबापांना वेगळी भरपगारी रजा द्या." आणि दोघे माझ्या शेजारी उभे राहिले. जाणारे-येणारे टोमणे मारत, "आता पोरं जन्माला घालायचाही पगार द्या म्हणावं!" आईजीच्या जिवावर बाईजी उदार असतात हे ऐकले होते, इथे बाईजी परक्याच्या जिवावर कंजूष होत्या.

अखेर फोटो काढणारे आले, तसे एक मोठे अधिकारीही बाहेर आले. आले आणि उभ्या माणसांसमोर खुशाल माझ्यावर बसले. मागे रेलून विचारतात कसे, "पण बाई, आता याचा तुम्हाला काय उपयोग?"

"मला काहीच नाही, साहेब," कॉलरवाली म्हणाली. "म्हणून तर मी येऊ शकले. ज्यांची बाळं आत आहेत, त्यांना पगार बुडवून इथे यायला कसं परवडेल?"

अधिकारी उठले. समिती नेमू म्हणाले. तोंडाला पाने पुसून झाली आणि फाटक लागले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला ऊनपावसात टाकू नका. माझे तसे काही मागणे नाही. मी इथे फाटकाशी गंजले तरी चालेल. तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, कुणी कायदे कराल. तेव्हा एवढेच करा, की आईला बाळ आणि पगार यांतले एक निवडायला लावू नका. समितीचा अहवाल सवडीने येणार आहे म्हणे. तिकडे त्या खोलीत पेटी पुन्हा भरली आहे. आत मूठभर मुलगा आहे, आणि त्याची आई कामावर गेली आहे.